स्टीमपंक आरमारी युद्धखेळ

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या युगावर रचलेली कल्पित दुनिया. स्टीमपंक आरमारी युद्धखेळ हा त्या दुनियेतल्या युद्धनौकांच्या छोट्या प्रतिकृती टेबलावर मांडून, फासे टाकून खेळण्याचा प्रकार आहे. काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा, पण इतिहास कल्पित. त्यामुळे आगबोटींच्या डोक्यावरून लोखंडी विमाननौका उडतात आणि तोफांच्या जोडीला विजेचे झोत फेकणारी यंत्रे असतात. यातला सर्वांत परिचित खेळ ‘डिस्टोपियन वॉर्स’. ब्रिटनमधल्या स्पार्टन गेम्सने तो २०१० मध्ये आणला. २०१७ मध्ये ही कंपनी बंद पडली, हक्क वेलँड गेम्स या दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि वेलँडच्या वॉरक्रेडल स्टुडिओजने नव्या नियमांसह तो पुन्हा बाजारात आणला.

आरमारी युद्धखेळ त्याहून बरेच जुने आहेत. युद्धनौकांच्या वार्षिक ग्रंथामुळे प्रसिद्ध असलेल्या फ्रेड टी. जेन यांनी १८९८ मध्ये असा खेळ तयार केला होता. त्यात शत्रूच्या जहाजाचे चित्र असलेल्या कार्डावर टाचणी बसवलेली फळी मारायची, आणि भोक जिथे पडेल तिथे गोळा लागला असे धरायचे. टाचणी मुद्दाम फळीच्या मध्यापासून बाजूला बसवलेली असे, म्हणजे नेम साधणे सोपे जाऊ नये.

स्टीमपंकवाल्यांनी नेमका हाच काळ का धरला, हे त्या काळातली खरी जहाजे पाहिली की कळते. १८६० ते १८९० या दशकांत युद्धनौका कशी असावी याबद्दल कुणाचेच एकमत नव्हते. १८६० मध्ये पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश ‘वॉरियर’वर लोखंडी चिलखत, वाफेचे इंजिन आणि पूर्ण शिडे असे तिन्ही होते. दोन वर्षांनी आलेल्या अमेरिकन ‘मॉनिटर’चे डेक जवळजवळ पाण्यालगत, आणि त्यावर तोफांचा फिरता बुरूज एकच. १८६६ मध्ये एड्रियाटिक समुद्रातल्या लिसा बेटाजवळच्या लढाईत ऑस्ट्रियाच्या नौकेने धडक देऊन इटलीचे जहाज बुडवले, तर पुढे कित्येक वर्षे सगळे देश नौकांच्या पुढच्या टोकाला पाण्याखाली धडक मारण्यासाठी अणकुचीदार सोंड बसवत राहिले. बुरूज, उंच डोलकाठ्या आणि पाण्यापासून फार वर नसलेली बाजू एकत्र आणणारी ब्रिटिश ‘कॅप्टन’ १८७० मध्ये वादळात उलटली. इतके खरे प्रयोग समोर असताना खेळाच्या रचनाकारांना कल्पनेला फार ताण द्यावा लागला नाही. माझ्या मते ज्या प्रतिकृतींत त्या काळचे खरे जहाज ओळखू येते त्याच चांगल्या. नुसती दातेरी चाके चिकटवलेल्या लवकर कंटाळवाण्या होतात.

प्रतिकृतींचे प्रमाण १:१२०० असते. ‘वॉरियर’ सुमारे १२७ मीटर लांब होती, म्हणजे या प्रमाणात साडेदहा सेंटिमीटर. स्पार्टनच्या मोठ्या नौकांचा सांगाडा रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट केलेल्या प्लास्टिकसारख्या द्रव्याचा) आणि बुरूज वगैरे भाग धातूचे असत. साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेलकट द्रव्य रेझिनवर राहते, म्हणून आधी कोमट साबणाच्या पाण्याने धुणे आलेच. नाहीतर रंग पापुद्र्यासारखा निघतो. वाकलेला सांगाडा गरम पाण्यात बुडवून, सपाट फरशीवर दाबून सरळ करतात. घासायचे ते ओल्या पॉलिशपेपरनेच, कारण रेझिनची भुकटी फुप्फुसांना वाईट. वॉरक्रेडलचे सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीत येतात. ते कटरने कापून प्लास्टिक सिमेंटने जोडतात. रेझिनला मात्र हे सिमेंट धरत नाही, तिथे सुपरग्लूच लागतो. बुरूज बरेच जण चिकटवत नाहीत, खाली बारीक चुंबक बसवतात. बुरूज फिरला की तोफा कुठे रोखल्या आहेत हे समोरच्यालाही दिसते.

रंगकाम त्यामानाने सोपे. आधी प्रायमर म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, मग मूळ रंग, त्यावर फटींत उतरणारा पातळ काळपट वॉश. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश वरून फिरवला की डेकच्या फळ्यांच्या कडा उठून दिसतात.

स्पार्टनच्या नियमांत अंतर इंचांत मोजतात, आठ-आठ इंचांचे चार पट्टे. तोफा त्यांच्या माऱ्याच्या कोनात येईल त्यावरच डागता येतात, आणि मोठी नौका जागच्या जागी वळत नाही. वळणाचे टेम्पलेट, म्हणजे वळण किती घेता येईल हे दाखवणारी पट्टी, लावूनच ती फिरवावी लागते. नवखे खेळाडू इथेच फसतात. माऱ्यासाठी सहा बाजूंचे फासे टाकतात. ४ किंवा वर पडले तर मारा लागला. ६ पडले तर दोन मारे धरून तो फासा पुन्हा टाकायचा. प्रत्येक नौकेला लागलेल्या माऱ्यांच्या दोन मर्यादा असतात. समजा त्या ५ आणि ८ आहेत. चार माऱ्यांनी तिचे काहीच बिघडत नाही. पाच ते सातला सांगाड्याचा एक गुण जातो (नौका किती नुकसान सोसू शकते ते हे गुण सांगतात). आठ झाले की दोन गुण जातात, वर बिघाडाच्या तक्त्यावर फासे टाकावे लागतात. सुकाणू अडकते, आग लागते, क्वचित दारूकोठार उडून त्या नौकेचा खेळ तिथेच आटोपतो. शिवाय गेलेल्या प्रत्येक गुणामागे त्या नौकेचे माऱ्याचे फासे कमी होतात. म्हणून पहिला नीट नेमलेला मारा पुढच्या तीन माऱ्यांपेक्षा मोलाचा. दोन्ही बाजू आळीपाळीने एकेक तुकडी हलवत असल्यामुळे कोणती तुकडी आधी पुढे काढायची यावरच निम्मी लढाई ठरते.

घरगुती थ्रीडी प्रिंटर आल्यापासून कंपनीने न काढलेली जहाजेही लोक बनवू लागले आहेत. मराठी माणसाला त्यात हात घालायचा असेल तर नमुना मुंबईचाच आहे. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी १८७० मध्ये ‘मॅग्डाला’ आणि ‘अ‍ॅबिसिनिया’ अशा दोन चिलखती नौका बांधल्या गेल्या. १८६८ च्या अ‍ॅबिसिनियातल्या (आजच्या इथिओपियातल्या) ब्रिटिश मोहिमेची आठवण म्हणून ही नावे. ती फौजही मुंबईहूनच निघाली होती. दोघींचा घाट एकच: पुढे-मागे एकेक फिरता बुरूज, मध्ये चिलखती तटबंदी, पाण्यापासून जेमतेम वर असलेले डेक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या मोडीत निघाल्या. सुमारे ६८ मीटरची ‘मॅग्डाला’ १:१२०० मध्ये पावणेसहा सेंटिमीटर भरते. शिडे-दोऱ्यांची कटकट नसल्यामुळे प्लास्टिकच्या पत्र्यातून ती हातानेही कापून जुळवता येते. खेळात मात्र तिला अधिकृत गुण नाहीत. ते प्रतिस्पर्ध्याशी आधीच बोलून ठरवावे लागतात.