एका तापाने आखलेलं शहर: ब्युनोस आयर्स

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्सला गेलेला प्रवासी सॅन टेल्मोच्या दगडी गल्ल्या हिंडतो, रेकोलेटातल्या हवेल्यांसमोर फोटो काढतो, टँगो गायक कार्लोस गार्डेल यांच्या समाधीसाठी चाकारिताची दफनभूमी गाठतो. ही ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत, पण त्यांना जोडणारा धागा एकच आहे, १८७१ची पीतज्वराची साथ.

तेव्हा शहराची वस्ती दोन लाखांच्या आत होती. भुयारी गटारं नव्हती. लोक नदीचं, विहिरीचं किंवा अंगणातल्या टाकीत साठवलेलं पावसाचं पाणी पीत. जानेवारीत सॅन टेल्मोत पहिले रोगी सापडले आणि एप्रिलमध्ये एकेका दिवशी पाचशेच्या वर माणसं दगावली. काही महिन्यांत सुमारे १४ हजार बळी गेले. रोग डासांमुळे पसरतो, ही कल्पना क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी मांडली ती १८८१ साली. त्यामुळे १८७१मध्ये संशय आला तो गरीब इटालियन स्थलांतरितांवर, आणि त्यांना घरांतून हुसकावलं गेलं.

दक्षिणेकडची दफनभूमी भरली, म्हणून चाकारिता घाईघाईने उघडावी लागली. तिथवर रूळ टाकून मृतदेह आगगाडीने नेले. ही गाडी ओढणारं ‘ला पोर्तेन्या’ हे देशातलं पहिलं इंजिन होतं. १८५७मध्ये शहराने त्याचं कौतुकाने स्वागत केलं होतं.

सॅन टेल्मोतली श्रीमंत घराणी उत्तरेला उंचावर, रेकोलेटाच्या बाजूला निघून गेली ती परतलीच नाहीत. पुढे तिथे पॅरिसच्या धर्तीवर महाल उठले. मागे राहिलेल्या चौकाच्या घरांत खोलीमागे एक कुटुंब अशी भाडेकरूंची दाटी झाली. आपल्या चाळींसारख्याच या वस्तीला तिथे ‘कोनव्हेंतिजो’ म्हणतात. सॅन टेल्मोत नवं बांधायला फारसा पैसा आलाच नाही, म्हणून जुनी घरं टिकली. तिथल्या रविवारच्या बाजाराला आज जी जुनी शोभा आहे ती या गरिबीने राखली, असं मला वाटतं.

साथीच्या धसक्याने पाणी आणि गटारांच्या कामांना जोर आला. कोर्दोबा रस्त्यावरचा १८९४चा जलमहाल त्यातूनच उभा राहिला. बाहेरून राजवाडा, दर्शनी भिंतींवर भाजलेल्या मातीचे तीन लाखांवर रंगीत तुकडे, आणि आत मात्र लोखंडाच्या १२ टाक्या. शुद्ध पाण्याला एवढ्या थाटात बसवणारी दुसरी इमारत माझ्या माहितीत नाही.

भरलेल्या त्या जुन्या दफनभूमीच्या जागी आता आमेगिनो उद्यान आहे. सहलीच्या गाड्या तिकडे सहसा वळत नाहीत. साथीत राष्ट्राध्यक्ष सार्मिएंतोही शहर सोडून गेले होते. जे डॉक्टर आणि धर्मगुरू मागे थांबले आणि रोग्यांची सेवा करता करता गेले, त्यांची नावं या उद्यानातल्या स्मारकावर आहेत.