आरोग्य अर्थशास्त्रात युरोपात पीएचडी: अर्ज बाद होतो तो बहुतेकदा महिन्यांच्या हिशोबात

रुग्णालयातल्या उपचारांचा दर्जा मोजायचा कसा, चांगल्या दर्जासाठी रुग्णालयाला जादा पैसे द्यावेत का, अशा प्रश्नांवर काम करणारे संशोधक युरोपात मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी या युरोपियन युनियनच्या संशोधन-निधी योजनेतून घडवले जातात. हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, ओडेन्से, मिलान आणि लिस्बनच्या विद्यापीठांनी मिळून ‘इम्प्रूव्हिंग क्वालिटी ऑफ केअर इन युरोप’ हा प्रकल्प याच योजनेत चालवला. अनेक विद्यापीठांनी मिळून पीएचडीचे संशोधक पगारावर नेमण्याच्या या प्रकाराला आता ‘डॉक्टोरल नेटवर्क’ म्हणतात. राष्ट्रीयत्वाची किंवा वयाची अट नाही. तरीही आपल्याकडची हुशार मुलं अपात्र ठरतात आणि कारण कळल्यावर हळहळतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी तारखेचा घोळ. युरोपियन कमिशनच्या पोर्टलवर दिसणारी अंतिम तारीख विद्यार्थ्यांसाठी नसते. ती विद्यापीठांनी प्रकल्प सादर करण्याची तारीख. प्रकल्प मंजूर झाला की मग एकेका जागेची जाहिरात ‘युराक्सेस’ या संशोधकांच्या नोकऱ्यांच्या युरोपीय पोर्टलवर आणि त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर येते, आणि अर्ज थेट तिथे करायचा. पोर्टलवरची तारीख बघून ‘संधी गेली’ म्हणून गप्प बसलेली कितीतरी मुलं मला भेटली आहेत.

आता खरी अडचण, मोबिलिटीचा नियम. ज्या देशात नेमणूक होणार, त्या देशात नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा तिथे मुख्य काम वा शिक्षण केलेलं नसावं. हे महिने सलग नसले तरी बेरीज होते; सुट्टीतली छोटी सहल धरत नाहीत. आणि ३६ महिने मोजायचे ते नोकरीच्या करारातल्या पहिल्या दिवसापासून मागे, अर्जाच्या तारखेपासून नव्हे. इथेच बहुतेक जण चुकतात.

समजा, पुण्याच्या एका मुलीने ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२४ हॅम्बुर्गमध्ये मास्टर्स केलं आणि लगेच घरी परतली. करार १ सप्टेंबर २०२६ पासून असेल, तर त्या ३६ महिन्यांत जर्मनीचे १३ महिने येतात, म्हणजे अपात्र. तोच करार १ ऑक्टोबरला सुरू झाला तर बरोबर १२ महिने, म्हणजे पात्र! एका महिन्याने सगळं फिरतं. म्हणून रुजू होण्याची तारीख पुढे सरकेल का, हे विद्यापीठाला मेल करून विचारा. विचारायला संकोच कशाला? शिवाय हिशोब प्रत्येक देशाचा वेगळा असतो. हॅम्बुर्गला अडलेली हीच मुलगी रॉटरडॅमच्या जागेसाठी पहिल्यापासूनच पात्र आहे.

आता असा कागद, जो जवळपास कोणाकडेच नसतो. जर्मनी सोडताना पत्त्याची नोंद रद्द करून तसा दाखला घ्यायचा असतो, ‘आब्मेल्डुंग’चा. सामान बांधण्याच्या गडबडीत मुलं तो विसरतात, आणि कागदोपत्री अजून जर्मनीतच राहत असतात. दाखला नसेल तर पासपोर्टवरचे शिक्के, इथल्या पगारपत्रिका, तारखांसह अनुभवपत्र असं सगळं जमवा. बायोडेटात ‘कधीपासून, कधीपर्यंत, कोणता देश’ असा तीन वर्षांचा छोटा तक्ता द्या. तपासणाऱ्याला तुमची वर्षं शोधत बसायला लावू नका.

नेमणुकीच्या दिवशी पीएचडी झालेली नसावी, ही दुसरी अट. प्रबंधाची मौखिक परीक्षा यशस्वी झाली असेल, तर पदवी हातात नसली तरी ती झाली असंच धरतात. एमडी झालेल्या डॉक्टरांनी ती स्नातकोत्तर पदवी आहे, हे स्पष्ट लिहावं. नावावरून गैरसमज होऊ शकतो. ‘संशोधनाचा अनुभव चार वर्षांपेक्षा कमी हवा’ ही जुन्या योजनेतली अट व्हॉट्सॲपवर अजून फिरते. २०२१ पासूनच्या योजनेत ती नाही. दहा वर्षं जिल्हा रुग्णालयात काढलेल्या डॉक्टरने खुशाल अर्ज करावा.

पण योजनेची पात्रता वेगळी आणि विद्यापीठाचा पीएचडी प्रवेश वेगळा. तिथे मास्टर्स, संख्याशास्त्र वा इकॉनोमेट्रिक्सचे (आर्थिक प्रश्नांसाठी वापरायच्या संख्याशास्त्राचे) विषय मागितले जाऊ शकतात. गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, शिफारसपत्रं, हेतुपत्र हे नेहमीचंच. दीक्षान्त समारंभ लांबला असेल तर प्रोव्हिजनल (तात्पुरतं) प्रमाणपत्र चालेल का, हे आधी विचारा. आणि अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का मागितला, तर आपल्याकडे आधी राज्य शासनाकडून साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालय अशा दोन पायऱ्या असतात. व्हिसाच्या आठवड्यात ते सुरू करून जीव टांगणीला लावू नका.

पैशाचंही ऐका. योजनेच्या २०२३-२४ च्या आराखड्यात मासिक निर्वाह भत्ता ३,४०० युरो होता, पण तो देशानुसार कमी-जास्त होतो आणि नोकरी देणाऱ्या संस्थेचा सामाजिक विम्याचा वाटा व कर त्यातूनच जातात. हातात किती पडेल, हे करारापूर्वी लेखी विचारा. निधी साधारणपणे ३६ महिन्यांचा असतो, आणि पीएचडी बऱ्याच ठिकाणी चौथ्या वर्षात जाते. त्या चौथ्या वर्षाचा पगार कोण देणार, हा प्रश्न मुलाखतीतच विचारून घ्या.