लॅपटॉप स्लो होतोय: तापतोय की चार्जर कमी पडतोय?

लॅपटॉप मधेच स्लो झाला की सगळे एकच सांगतात, तापला असेल, फॅन साफ कर, पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदल. बरेचदा ते खरंही असतं. पण चार्जरचे वॉट कमी पडले तरी प्रोसेसर अशीच मान टाकतो आणि वरवर बघून फरक कळत नाही. मी स्वतः एकदा अख्खी दुपार घालवून पेस्ट बदलली, आणि घोळ निघाला चार्जरच्या पिनमध्ये.

तापण्याची केस आधी बघू, ती सोपी आहे. गेम किंवा रेंडर चालू केला की पहिले काही क्षण लॅपटॉप सुसाट पळतो, मग तापमान 95-100 डिग्रीला टेकतं, प्रोसेसर स्वतःला वाचवायला क्लॉक (म्हणजे त्याचा कामाचा वेग) खाली आणतो, जरा गार झाला की परत वर चढतो, परत तापतो, असं वरखाली चालूच राहतं आणि फॅन बोंबलत असतो. एक मात्र लक्षात घ्या, सुरुवातीच्या साधारण अर्ध्या मिनिटानंतर स्पीड थोडा उतरणं हा बिघाड नाही. टर्बो, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळणं, थोड्या वेळापुरताच असतो, 15 वॉटचा म्हणून विकलेला प्रोसेसर तेवढ्या वेळात 40 च्या आसपासही खेचू शकतो, मग आपल्या लायनीवर येतो.

चार्जरची केस जास्त फसवी. समजा गेमिंग लॅपटॉप 180 वॉटच्या अडॅप्टरवर चालणारा आहे आणि तुम्ही त्याला 65 वॉटचा टाइप-सी चार्जर लावलाय. लोड आला की प्रोसेसर 45 आणि ग्राफिक्स 80 धरले तरी 125 झाले, स्क्रीन वगैरे वेगळंच. मग उरलेली पॉवर बॅटरीतून जाते (सगळे लॅपटॉप हे करत नाहीत, काही सरळ स्पीडच कापतात). म्हणजे चार्जर लावलेला असूनही टक्के उतरत जातात, आणि बॅटरी पार खाली आली की लॅपटॉप हात आखडता घेतो. त्यामुळे सकाळी मस्त चालणारा गेम संध्याकाळी त्याच सेटिंगवर अडखळतो, आणि आपण म्हणतो काय विचित्र मशीन आहे.

केबलकडे तर कोणी बघतच नाही. टाइप-सीच्या साध्या 3 अँपिअरवाल्या केबलमधून 20 व्होल्टला 60 वॉटच मिळतात, चार्जर 100 वॉटचा का असेना. त्याच्या पुढे जायचं तर आत ई-मार्कर चिप (केबल किती करंट झेपवते हे चार्जरला सांगणारी) असलेली 5 अँपिअरची केबल लागते.

आता खरी गंमत. प्रोसेसरला प्रोकहॉट नावाचा एक सिग्नल असतो, अर्थ सरळ, मी तापलोय. पण हाच सिग्नल मदरबोर्ड बाहेरूनही देऊ शकतो आणि काही लॅपटॉपमध्ये चार्जर ओळखला गेला नाही किंवा कमी पडला की तोच दिला जातो. मग थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोसेसर तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोकहॉटचा लाल दिवा दिसतो, माणूस पेस्ट आणायला पळतो, आणि तापमान असतं 50 डिग्री! क्लॉक मात्र 400 किंवा 800 मेगाहर्ट्झला चिकटलेला, ब्राउझरसुद्धा धड उघडत नाही. माझं हेच झालं होतं.

म्हणून एकटं तापमान किंवा एकटा क्लॉक बघून काही कळत नाही, एचडब्ल्यूइन्फो या आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आणि प्रोसेसरचे वॉट एकत्र बघा. 95 च्या वर आणि क्लॉक नाचतोय तर उष्णता. गार आहे, क्लॉक एका जागी खिळलाय, तर पॉवरवर संशय घ्या: चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवून बघा. चार्जर काढल्यावर उलट स्पीड वाढला तर जवळपास नक्कीच चार्जर, केबल किंवा पिनच गंडलीये.

आणि ते जास्त वॉटचा चार्जर लावला की लॅपटॉप जळतो वगैरे काही नाही, व्होल्टेज बरोबर असेल तर लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो. फक्त बॅटरी चार्ज होताना स्वतः थोडी उष्णता देते, तेव्हा तापमानाची टेस्ट बॅटरी फुल झाल्यावरच घ्या, नाहीतर आकडे उगाच वर दिसतील.