डिकीतला पाना कधी उडतो?

आमच्या गाडीची डिकी खड्ड्यात गप्प बसायची आणि रंबलरवर बोलायला लागायची. कोरेगावच्या रस्त्याला शाळेच्या आधी ते पांढरे उंचवटे आले की मागून खडखडखड. आणि पसरट खड्ड्यात गाडी चांगली हेलकावली, तरी हूं की चूं नाही. एका गॅरेजवाल्याने चक्कर न मारताच सांगून टाकलं, ‘साहेब, मागचे दोन्ही शॉकअप गेलेत.’ मी पैशांची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, ‘अहो, शॉकअप गेले असते तर खड्ड्यात आधी वाजले नसते का?’

तिचा प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे.

डिकीत सुटी पडलेली वस्तू तिच्या वजनामुळेच तळाला टेकून राहते. तळ तिच्याखालून निसटायचा असेल, तर तो गुरुत्वाकर्षणापेक्षा जास्त त्वरणाने खाली जायला हवा. वस्तू क्षणभर अधांतरी राहते, मग आपटते, आणि आपल्याला ऐकू येते ती ही आपट. आता वर-खाली होणाऱ्या तळाचं त्वरण दोन गोष्टींवर ठरतं. तळ किती सरकतो आणि सेकंदाला किती वेळा सरकतो. यातल्या दुसऱ्या आकड्याचा वर्ग होतो, आणि सगळी गंमत त्या वर्गात आहे.

गाडीची बॉडी स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण दीड वेळा झुलते. या संथ लयीत पाना उडवायचा, तर डिकीला मधल्या जागेपासून ११ सेंटिमीटर वर आणि तेवढंच खाली जावं लागेल. तेवढी गाडी हलली तर पान्याआधी आपणच उडू. चाक आणि त्याचा दांडा मात्र सेकंदाला १० ते १५ वेळा थरथरतात. १२ वेळा धरलं तर पावणेदोन मिलिमीटर पुरतात. रंबलरचे उंचवटे अर्ध्या अर्ध्या मीटरवर आहेत असं समजा आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटर जातेय. सेकंदाला २० ठोके. या वेगात ०.६ मिलिमीटरची थरथर बास होते. पोस्टकार्डाच्या दोन-तीन थरांएवढी!

म्हणून पसरट खड्डा गप्प आणि रंबलर बोलका. (तुटक्या कडांचा खड्डा एकच जोरदार ठोका देतो, तो वेगळा प्रकार.)

मग मी डिकी अक्षरशः रिकामी केली. मॅट, पाण्याचा कॅन, जॅक, पाना, स्टेपनी, सगळं अंगणात. त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पुन्हा गेलो तर खडखड जवळजवळ गेलेली. हे नक्की करून बघा, पण एका वेळी एकच वस्तू परत ठेवा. मी आळस करून सगळं एकदम भरलं आणि एक रविवार वाया घालवला. शेवटी पान्यानेच स्वतःला पकडून दिलं. स्टेपनीच्या लोखंडी रिमवर तांदळाच्या दाण्याएवढा काळा रंग उडाला होता, आतलं पोलाद चकचकत होतं, आणि पान्याच्या टोकाला तसाच घासल्याचा डाग. पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली, तिची पट्टी पान्याला गुंडाळली आणि स्टेपनीचा मधला बोल्ट हाताने घट्ट आवळला.

तरी एक बारीक टकटक उरली. मी म्हणत होतो डावीकडून, बायको म्हणत होती उजवीकडून. दोघांचेही कान ठीक आहेत. आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा किती आधी पोचला, यावरून मेंदू दिशा ओळखतो, आणि हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. बरोबर मागून आलेला आवाज दोन्ही कानांना एकदमच पोचतो. समोरून आलेलाही तसाच. शिवाय काचा आणि पत्रा तोच आवाज चारी बाजूंनी परत पाठवतात. त्यामुळे कानावर विसंबू नका. चालवणारा सोडून दुसऱ्या कुणीतरी मागच्या सीटवर बेल्ट लावून बसायचं आणि आवाज चालू असताना सीटची पाठ, पार्सल ट्रे, बाजूचं प्लास्टिक असं एकेक तळहाताने दाबत जायचं. जिथे दाबल्यावर आवाज थांबेल, तिथे चोर. मात्र डिकीत बसून ऐकण्याचा किंवा डिकी अर्धवट उघडी ठेवून गाडी पळवण्याचा पराक्रम करू नका. गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आमचा चोर डिकीच्या दारातच होता. दाराच्या दोन्ही कोपऱ्यांत रबराची दोन बुचं असतात. बंद दार त्यांच्यावर दाबून बसतं, आणि हा दाब गुरुत्वाकर्षणाला जोड देतो, म्हणजे दार सुटायला कितीतरी जास्त त्वरण लागतं. रबर झिजलं की दाब जातो आणि लॉकची जीभ कडीवर टकटक करू लागते. दहाची नोट बुचावर धरून दार लावलं आणि ओढली. उजवीकडची अडकली, डावीकडची लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. आमच्या गाडीत ही बुचं आट्यांची आहेत, म्हणून डावं बूच दोन फेरे बाहेर काढलं. फार काढू नका, नाहीतर दार आपटल्याशिवाय लागत नाही आणि शेजारी झोपेतून उठतात.

यवतेश्वरच्या घाटातून कासला जाताना एक वेगळाच आवाज येतो, करकर. त्या वळणांवर बॉडी किंचित पिळली जाते. हॅचबॅकला मागे दाराएवढं भोक असतं, त्यामुळे पीळ तिथे जास्त जाणवतो आणि दाराच्या कडेची रबरी पट्टी, म्हणजे बीडिंग, पत्र्यावर चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. सारंगीचा गज तारेवर हेच करतो, फक्त सुरात. बीडिंग ओल्या फडक्याने पुसून वाळवायचं आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवायचा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगू शकतं.

ट्यूबची पट्टी आणि ग्रीस पुरत नाही असे आवाजही असतात. खड्ड्यात खालून येणारा जड ‘धक्’ हा शॉकअपच्या माउंटिंगचा किंवा सायलेन्सरच्या तुटलेल्या रबराचा असू शकतो. डिकीत सीएनजीचा सिलिंडर असेल आणि त्याची पट्टी वाजत असेल, तर स्वतः पाना लावू नका, अधिकृत किट बसवणाऱ्याकडे जा. दर ३ वर्षांनी सिलिंडरची चाचणी करायचीच असते.

आणि एक आवाज फक्त डिसेंबर-जानेवारीत सकाळी येतो. दहा वाजता ऊन पडलं की गायब. २० अंशांच्या फरकाने एक मीटर पोलाद पाव मिलिमीटरच बदलतं. तेवढीच लांब साध्या पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिकची पट्टी मात्र सुमारे २ मिलिमीटर आखडते, आणि क्लिपांमध्ये फट पडते. हा आवाज घेऊन दुपारी गॅरेजला गेलात तर मिस्त्री तुमच्याकडेच संशयाने बघणार. क्लिपांमागे फेल्टची चिकटपट्टी लावायची असेल, तर सकाळी सातलाच गाडी काढा, हातमोजे घालून.