आर्थिक गुन्ह्यांतील बचाव वकिली (इंदूर)

आर्थिक गुन्ह्यांतील बचाव वकिली : फसवणूक, विश्वासघात (सोपवलेला पैसा किंवा माल हडप करणे), बनावट दस्तऐवज, करचुकवेगिरी, काळा पैसा पांढरा करणे अशा आरोपांत आरोपीची बाजू मांडणारी फौजदारी वकिलीची शाखा. खुनाच्या खटल्यात बहुधा ‘हे कोणी केले’ हाच प्रश्न असतो. इथे सही कोणाची आणि पैसे कोणत्या खात्यातून गेले, हे बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना मान्य असते. वाद असतो हेतूचा. सौदा ठरला त्या दिवशीच बुडवायचे मनात होते, की पुढे धंदा बसला म्हणून पैसे थकले, हे कागदांवरून दाखवणे म्हणजे या वकिलाचे मुख्य काम. हेतू आरंभापासून असावा लागतो, नंतर शब्द मोडला एवढ्याने फसवणूक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात (२०००) स्पष्ट केले आहे.

इंदूरमधील कामाचे स्वरूप

माळव्याची ही व्यापारी पेठ असल्याने खटलेही पेठेतून येतात. गोदामातील सोयाबीन तारण ठेवून कर्ज घेतले आणि मोजणीत माल कमी भरला. सियागंज किंवा कापड बाजारातील पेढीने माल न देता नुसतीच जीएसटीची बिले बनवून दिल्याचा आरोप झाला. गृहनिर्माण संस्थेचा एकच भूखंड दोघांना विकला गेला. ही नेहमीची उदाहरणे. फोनवरून शेअर बाजाराचा सल्ला विकणाऱ्या इंदूरच्या अनेक कंपन्यांविरुद्ध सेबीने (शेअर बाजाराची नियामक संस्था) आदेश दिले आहेत, आणि त्यातूनही फौजदारी कामे निघतात. मराठी कुटुंबांचा संबंध बऱ्याचदा पतसंस्थेच्या प्रकरणात येतो. नावाला संचालक झालेले निवृत्त गृहस्थ ठेवी थकल्या की मध्य प्रदेशच्या २०००च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली आरोपी होतात. त्यांच्यासाठी इतिवृत्ताची वही सोन्याहून मोलाची ठरते : कोणत्या सभेला हजर होते, कर्जाच्या ठरावावर सही आहे का, विरोध नोंदवला का.

तपास शहर पोलिसांची गुन्हे शाखा, राज्याचा आर्थिक अपराध विभाग (ईओडब्ल्यू), केंद्राचे सक्तवसुली संचालनालय (ईडी) किंवा जीएसटी विभाग यांपैकी कोणाकडेही असू शकतो. एकाच व्यवहारावर दोन-तीन यंत्रणा एकाच वेळी कामाला लागणेही नवे नाही. खटला जिल्हा न्यायालयात किंवा तिथल्या विशेष न्यायालयात चालतो. जामीन आणि गुन्हा रद्द करण्याचे अर्ज उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात जातात (मुख्य पीठ जबलपूरला). खालच्या कोर्टाचे कागद हिंदीत, वरचे इंग्रजीत आणि अशील मराठीत बोलणारा, अशा तिन्ही भाषांत तितकीच नेमकी मांडणी इथल्या वकिलाला यावी लागते.

प्रवेश

तीन किंवा पाच वर्षांची विधी पदवी, जबलपूरच्या राज्य अधिवक्ता परिषदेत नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा, हा रस्ता सगळ्या वकिलांचा एकच. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४च्या निकालानुसार नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांहून जास्त घेता येत नाही. त्यानंतरची वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या चेंबरमध्ये जातात. कनिष्ठांना शहरात महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये केली, पण ती शिफारसच आहे. या शाखेकडे वळणाऱ्याने पहिल्या दोन वर्षांत धनादेश न वटल्याची कामे भरपूर करावीत. नोटिशीसाठी ३० दिवस, पैसे देण्यासाठी १५ दिवस आणि तक्रारीसाठी पुढचा एक महिना, ही साखळी सांभाळताना तारखांची शिस्त अंगी बाणते. रोजमेळ, खतावणी आणि ताळेबंद वाचता येणे तितकेच आवश्यक आहे. सनदी लेखापालाने समजावून दिलेले आकडे उलटतपासणीत उपयोगी पडत नाहीत, ते स्वतःला उमजलेले असावे लागतात.

नोटीस आल्यानंतरचे पहिले दिवस

बरीच प्रकरणे इथेच सुधारतात किंवा बिघडतात. व्यापारी व्यवहारांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येते, हे ललिता कुमारी निकालाने (२०१३) मान्य केले आहे. म्हणून तक्रार अर्जाच्या टप्प्यावरच करारनामा, बँक उतारे, मालाच्या पावत्या आणि आधी केलेले अंशतः भरणे यांचा तारीखवार गठ्ठा पोलिसांना पोच घेऊन द्यावा. गुन्हा नोंदला गेला असेल आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा) कलम ३५(३) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, नोटीस आली असेल, तर हजर राहणे हेच अटकेपासूनचे पहिले संरक्षण. नोटीस टाळली की ते जाते.

अशिलाला पहिल्याच भेटीत तीन गोष्टी निक्षून सांगाव्या लागतात : फोनमधील काहीही पुसू नका, मागच्या तारखेचा एकही कागद तयार करू नका, साक्षीदार होऊ शकणाऱ्या कर्मचाऱ्यांना फोन करू नका. मूळ आरोप दुबळा असतानाही यांपैकी एका चुकीने पुरावा नष्ट केल्याचे नवे प्रकरण उभे राहते आणि जामिनाला विरोध करायला सरकारी पक्षाला आयते कारण मिळते.

अटकपूर्व जामिनासाठी वादातली रक्कम भरण्याची तयारी दाखवणे हा मोह टाळावा. कुटुंब घाबरलेले असते, वकील ‘पन्नास लाख भरतो’ असे लिहून देतो, पैसे उभे राहत नाहीत आणि जामीनच रद्द होतो. जामीन हे वसुलीचे साधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. २०२५ मध्ये महाराष्ट्रातील एका प्रकरणात तर अशा हमीवर जामीन न देता गुणदोषांवरच निर्णय द्यावा, असे न्यायालयांना बजावले.

दिवस मोजणे

अटक झाल्यावर कोठडीचा पहिला दिवस वहीत लिहून ठेवावा. ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र, म्हणजे इथल्या बोलीतले चालान, आले नाही तर जामीन हा हक्क होतो. साधी फसवणूक (भारतीय न्याय संहिता, कलम ३१८(४)) असेल तर मुदत ६० दिवसांची. व्यापारी किंवा दलालाने केलेला विश्वासघात (३१६(५)) किंवा मौल्यवान रोख्याची बनावट (३३८) जोडली असेल तर ९०. म्हणून जोडलेले कलम फिर्यादीतील मजकुराला खरोखर लागू होते का, हे आधी तपासायचे. एकाच वस्तुस्थितीवर फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही टिकत नाहीत, हा दिल्ली रेस क्लब निकाल (ऑगस्ट २०२४) इथे थेट कामी येतो. कोठडी दिल्याचा दिवस मोजणीत धरला जातो : १ मार्चला कोठडी मिळाली तर साठावा दिवस २९ एप्रिल, आणि अर्ज ३० एप्रिलला कोर्ट उघडताच. दुपारपर्यंत थांबलात आणि तेवढ्यात चालान आले, तर हक्क गेला. न्याय संहिता लागू होण्याआधीच्या, म्हणजे १ जुलै २०२४ पूर्वीच्या, कृत्यांना मात्र जुन्या दंडसंहितेचीच कलमे लागतात.

कागदांची झडती

हजारो पानांचे चालान तीन वेळा वाचावे. पहिल्या वाचनात तारीखपट करायचा, दुसऱ्यात प्रत्येक आरोपीपुढे त्याच्याविरुद्धचा नेमका कागद लिहायचा. तिसरे वाचन जे नाही ते शोधण्यासाठी, आणि बचावाचे खरे मुद्दे बहुधा तिथेच सापडतात. जीएसटी प्रकरणात माल खरोखर हलला हे बिल्टी (वाहतूकदाराची पावती), ई-वे बिल, धर्मकाट्याची (वाहन वजनकाट्याची) पावती आणि टोलच्या नोंदी यांवरून दिसते. तपास यंत्रणेने यांतले काय मागवलेच नाही, ते दाखवून द्यावे. सुट्या चिठ्ठ्या म्हणजे हिशेबवही नव्हे, हे हवाला प्रकरणात (१९९८) ठरले आहे. आणि नियमित वहीतील नोंदही एकटी कोणाला जबाबदार धरायला पुरत नाही.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हा निकाल जालन्याच्या निवडणूक वादातून आला (अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरण, २०२०). आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली ते दोन भागांत आणि हॅश मूल्यासह (फाइलमध्ये बदल झाला तर बदलणारा तिचा सांकेतिक ठसा) द्यावे लागते. हॅश जप्तीच्या वेळी काढले की प्रयोगशाळेत, यावर उलटतपासणीचा अर्धा दिवस सहज जातो. २०१३ मध्ये इंदूरमधून उघड झालेल्या व्यापमं (प्रवेश व भरती परीक्षांतील घोटाळा) प्रकरणातही हार्ड डिस्कमधील नोंदी बदलल्या का, हा वाद प्रदीर्घ काळ चालला.

न्यायवैद्यक लेखापरीक्षकाची उलटतपासणी त्याच्या अहवालाच्या मर्यादांच्या परिच्छेदापासून सुरू करावी : कोणते कागद मिळाले नाहीत, कोणाशी बोलणे झाले नाही. हेतूवर मत देणे हे त्याचे काम नाही. दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावाच नाही असा, अर्ज नागरिक सुरक्षा संहितेत ६० दिवसांत करायचा असतो. सत्र न्यायालयापुढील कामात ही मुदत प्रकरण वर्ग झाल्यापासून, दंडाधिकाऱ्यांपुढे कागदांच्या प्रती मिळाल्यापासून मोजतात. प्रती अपुऱ्या असतील तर त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवावी.

ईडीची प्रकरणे

पीएमएलए, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा, याखालील कामाची रीत वेगळी. कलम ५० चा, म्हणजे समन्सवर ईडीपुढे दिलेला, जबाब पुराव्यात वाचला जाऊ शकतो, म्हणून समन्सवर जाण्यापूर्वी अशिलाला त्याचेच बँक उतारे पुन्हा वाचायला लावावेत. आठवत नसेल तर ‘आठवत नाही, कागद पाहून सांगतो’ हे खरे उत्तर द्यावे. अंदाजाने सांगितलेली रक्कम वर्षांनंतर आडवी येते. अटकेची कारणे लेखी हवीत (पंकज बन्सल, २०२३). कलम ४५ च्या दोन कडक अटींमुळे (आरोपी दोषी नसावा आणि जामिनावर गुन्हा करणार नाही, असे न्यायालयाला वाटले पाहिजे) जामीन अवघड असतो. स्त्रिया, आजारी व्यक्ती आणि १ कोटीहून कमी रकमेचे आरोपी यांना न्यायालय त्यांतून सूट देऊ शकते. मालमत्तेवरील तात्पुरती टाच १८० दिवसांपुरती असते, त्या आत न्यायनिर्णय प्राधिकरणाने ती कायम करावी लागते, आणि त्याविरुद्ध अपिलाला ४५ दिवस मिळतात. फौजदारी खटल्यात गुंतलेले वकील हीच मुदत चुकवतात आणि घरावरील टाच पक्की होऊन बसते.

शुल्क आणि सचोटी

निकालावर अवलंबून शुल्क ठरवणे आणि जाहिरात करणे या दोन्हींना बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. शुल्क टप्प्यांनुसार आणि बँकेतून घ्यावे. अशिलाने सांगितलेले गुपित साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खाली सुरक्षित असते, पण पुढच्या गुन्ह्यासाठी मागितलेल्या सल्ल्याला हे संरक्षण नाही. दोन भागीदारांचे हितसंबंध फाटण्याची शक्यता दिसली तर दोघांचे वकीलपत्र एकाने घेऊ नये; आर्थिक खटल्यांत ती शक्यता जवळजवळ नेहमीच असते.

निर्दोष सुटकेनंतरही काम उरते. निकालाची प्रमाणित प्रत बँकेला देऊन गोठवलेली खाती उघडून घ्यायची, जमा पारपत्र परत मागायचे. ज्यातून पैसा आल्याचा आरोप होता तो मूळ गुन्हाच न उरल्याने ईडीचे प्रकरणही टिकत नाही (विजय मदनलाल चौधरी, २०२२), पण ते आपोआप मिटत नाही. खटला बंद करण्यासाठी आणि टाच उठवण्यासाठी विशेष न्यायालयात स्वतंत्र अर्ज करावा लागतो.