वेलीला आधार हवा, पण कोणता?

नर्सरीतून कृष्णकमळ आणलं की कुंडीत जाडजूड बांबू रोवला जातो. वेल त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, शेजारी कपडे वाळत घालायची दोरी मात्र झटकन पकडते. दोष बांबूच्या जाडीचा. कृष्णकमळ चढतं ते तणाव्यांनी. हे बारीक तंतू हवेत गोल फिरत आधार शोधतात. एका बाजूला स्पर्श झाला की विरुद्ध बाजूची वाढ जास्त होते आणि तणावा आधाराकडे वळतो. डार्विननं वेलींवरचा आपला अभ्यास 1865 साली प्रसिद्ध केला. कृष्णकमळाच्या एका जातीत तणावा स्पर्शानंतर जेमतेम अर्ध्या मिनिटात वाकायला लागतो, पण पाण्याच्या थेंबांना दाद देत नाही, असं त्याला आढळलं. पावसाच्या प्रत्येक सरीला तणावे वळत बसले असते तर वेलीचं कठीण होतं!

टोकानं पकड घेतली की उरलेला तणावा पीळ घेतो. दोन्ही टोकं अडकलेली असल्यानं अर्धी वेटोळी एका दिशेनं पडतात, अर्धी उलट. तयार होते ती चक्क स्प्रिंग. वाऱ्यात वेल हेलकावे खाते, तुटत नाही. अशा वेलीला सुतळी, तार किंवा जाळी द्यावी.

गोकर्णीचं तंत्र वेगळं. तिचं खोडच आधाराला गुंडाळतं, त्यामुळे बोटाएवढी उभी काठी पुरते. गुंडाळण्याची दिशा ठरलेली असते. आपण हातानं उलटी गुंडाळली, तरी नवा शेंडा आपल्याच दिशेनं जातो. गोकर्ण शेंगावर्गातली, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तिला नत्र पुरवतात. युरिया घातला तर पानं माजतात, फुलं रुसतात.

बोगनवेलीला तणावे नाहीत, गुंडाळणंही जमत नाही. ती काट्यांच्या आधारानं दुसऱ्या झाडांवर रेलते. म्हणून तिला भिंतीवर चढवायचं तर बांधावंच लागतं. पाणी थोडं कमी दिलं की ती जास्त बहरते. आपण ज्यांना फुलं म्हणतो ती तिची रंगीत पानं. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधली छोटी नळी.

फुलं फक्त वर, मांडवाच्या टोकाला येतात, ही तक्रार जवळपास प्रत्येक वेलवाल्याची. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या कळ्यांना फुटू देत नाही. फांदी आडवी वळवून बांधली की हा धाक कमी होतो आणि पेराजवळून फुटवे येतात. जाई-जुईला हे मानवतं. मधुमालतीलाही, पण ती नव्या फुटीवर फुलते, तेव्हा तिची छाटणी बहर ओसरल्यावरच करावी. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलून रात्री पतंगांना बोलावतात, पुढं गुलाबी आणि मग लाल होतात. एकाच घोसात तीन रंग दिसले तर तो रोग समजून औषध फवारू नये.