५.४.२३ चं ५.४.२४ आणि ५.६ चं ६.०: दोन्हीला ‘अपडेट’च म्हणतो, तिथेच घोळ होतो

हायबरनेट वापरणाऱ्या कुठल्याही टीममध्ये "हायबरनेट अपडेट करायचंय" एवढंच म्हणून बघा. एकजण म्हणतो अरे पॉममधला (म्हणजे प्रोजेक्टला लागणाऱ्या लायब्ररींची व्हर्जनं लिहिलेल्या फाइलमधला) आकडाच तर बदलायचाय, पाच मिनिटांचं काम. दुसरा म्हणतो चालतंय ना नीट, मग हात कशाला लावायचा, मागच्या वेळी दोन आठवडे गेले होते आठवतंय ना. आणि दोघंही खरं बोलत असतात, फक्त दोघांच्या डोक्यातली अपडेट वेगळी असते. एकाच्या डोक्यात मेंटेनन्स रिलीज, दुसऱ्याच्या डोक्यात मेजर व्हर्जन. पॉम फाइलमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात, एका ओळीतला एक आकडा बदलतो, बस. म्हणून हे दोन्ही एकदा शेजारी शेजारी ठेवून सांगतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, हायबरनेट म्हणजे जावाचे क्लास आणि डेटाबेसमधली टेबलं यांची सांगड घालणारं ओपन सोर्स फ्रेमवर्क, गॅविन किंगने २००१ मध्ये सुरू केलेलं. त्याचं व्हर्जन ५.४.२४.फायनल असं लिहितात. पहिला आकडा मेजर, दुसरा मायनर, तिसरा मायक्रो. शेवटचा ‘फायनल’ हा शब्द म्हणजे पक्कं रिलीज, त्याच्या आधीची कच्ची रिलीजं अल्फा, बीटा, सीआर या नावांनी येतात, आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली तरी ती बरोबर त्याच ओळीत बसतात. फक्त तिसरा आकडा हलला की ती मेंटेनन्स अपडेट. पहिला हलला की काम वेगळं.

आधी मेंटेनन्सचं बघू, आणि मुद्दाम ५.४.२४ घेतो, कारण एवढासा आकडा काय करतो ते यात स्वच्छ दिसतं. हायबरनेटमध्ये एक सेटिंग आहे, ते चालू केलं की प्रत्येक एसक्यूएलच्या आधी एक कॉमेंट छापली जाते, ही क्वेरी कुठून आली ते कळावं म्हणून. डीबग करताना फार उपयोगी पडतं, म्हणून खूप जण चालू करतात आणि बंद करायचं राहून जातं. आता ५.४.२३ पर्यंत जावाच्या प्रमाणित क्रायटेरिया एपीआयने (म्हणजे क्वेरी जावा कोडमधूनच बांधायच्या सोयीने) बांधलेल्या क्वेरीतला लिटरल, म्हणजे थेट लिहिलेली व्हॅल्यू, त्या कॉमेंटमध्ये जसाच्या तसा जाऊन बसू शकायचा. युजरने सर्च बॉक्समध्ये टाकलेला मजकूर लिटरल म्हणून क्वेरीत गेला आणि त्यात स्टार आणि स्लॅश ही दोन चिन्हं लागोपाठ असली की कॉमेंट तिथेच बंद होणार आणि त्यापुढचं सगळं डेटाबेस खरं एसक्यूएल म्हणून वाचणार. म्हणजे सरळ सरळ एसक्यूएल इंजेक्शन, बाहेरच्याने आपल्या डेटाबेसवर हवी ती क्वेरी चालवणं, तेही लॉग वाचायला सोपे जावेत म्हणून चालू केलेल्या सेटिंगमुळे. याला सुरक्षेच्या त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०२०-२५६३८ असा नंबर मिळाला, दुरुस्ती ५.४.२४ मध्ये आली आणि जुन्या ५.३ च्या लाइनवाल्यांसाठी ५.३.२० मध्येही दिली. दुरुस्ती काय, तर कॉमेंटमध्ये जाणाऱ्या मजकुरातली ती चिन्हं एस्केप करायची, म्हणजे त्यांनी कॉमेंट बंद होणार नाही अशी लिहायची. एवढंच.

आता हे करताना तुमच्या कोडमध्ये काय बदलावं लागलं? काहीच नाही. ऍनोटेशन तीच, टेबलांची नावं तीच, इम्पोर्ट तेच. मेंटेनन्स रिलीज म्हणजे पावसाळ्याआधी घर शाकारतात तसं, घर तेच, माणसं तीच, फक्त गळकी कौलं बदलली. म्हणून मायक्रो रिलीजसाठी वेगळं मायग्रेशन गाइड लिहीत बसत नाहीत, एचएचएच नंबरच्या (हायबरनेटच्या बग-यादीतले नंबर) दुरुस्त्यांची यादी येते आणि ती वाचायला चहा संपेपर्यंतचा वेळ पुरतो.

मेंटेनन्समध्ये धोका शून्य असतो असं मात्र मी म्हणणार नाही. एखादा बग तुमच्या कोडने नकळत गृहीत धरलेला असेल, तर तो सुधारला की तुमचंच काहीतरी मोडतं. एखादी जॉइन क्वेरी आधी चुकून डुप्लिकेट ओळी देत असेल आणि तुम्ही त्या जावात सेटमध्ये टाकून गाळत असाल, तर काही होत नाही, पण ओळी मोजून पेजिंग करत असाल तर आकडे बदलतात. म्हणून टेस्ट चालवायच्याच, आणि त्या एचटूवर (टेस्टसाठी वापरतात त्या छोट्या डेटाबेसवर) नको, प्रॉडक्शनला जो डेटाबेस आहे त्यावरच.

आता ५.६ वरून ६.० कडे या. ६.० मार्च २०२२ च्या शेवटच्या दिवशी आलं आणि इथे पहिल्याच मिनिटाला कंपाइल होत नाही, कारण जावाएक्स पर्सिस्टन्स हे पॅकेज जाऊन जकार्ता पर्सिस्टन्स आलं. हा काही हायबरनेटवाल्यांचा हट्ट नव्हता. ओरॅकलने जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे दिलं पण जावाएक्स हे नाव पुढे वापरायला दिलं नाही, म्हणून जकार्ता ईई ९ मध्ये २०२० साली सगळी पॅकेजं नवीन नावावर गेली आणि त्यावर उभं असलेलं सगळं त्यामागे गेलं. पण खरं सांगू का, हा बदल सगळ्यात सोपा, शोधा आणि बदला, झालं, कारण कंपायलर तुम्हाला चूक दाखवतो.

त्रास देतो तो कंपायलरला न दिसणारा बदल. सीक्वेन्सचं, म्हणजे डेटाबेसमधल्या आयडीचे नंबर देणाऱ्या काउंटरचं, उदाहरण घ्या. आयडी ऑटो ठेवला असेल आणि सीक्वेन्सचं नाव दिलं नसेल तर पोस्टग्रेस डेटाबेसवर हायबरनेट ५ सगळ्या एंटिटींसाठी (टेबलांशी जोडलेल्या क्लासेससाठी) हायबरनेट_सीक्वेन्स नावाचा एकच सीक्वेन्स वापरायचं, एकेक नंबर पुढे जाणारा. ६ मध्ये प्रत्येक एंटिटीचा स्वतःचा सीक्वेन्स, एंटिटीचं नाव आणि मागे अंडरस्कोर सेक, आणि पन्नास-पन्नासच्या उडीने. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही, कंपाइल छान झालं. आता स्कीमा व्हॅलिडेट (सुरू होताना डेटाबेसची रचना तपासणं) चालू असेल तर ऍप उठतच नाही, सीक्वेन्स सापडत नाही म्हणून सांगतं, आणि हे त्यातल्या त्यात बरं. व्हॅलिडेट बंद असेल तर ऍप व्यवस्थित उठतं, सगळे रिपोर्ट दिसतात, लोक खूश होतात आणि पहिल्या इन्सर्टला पडतं. आणि स्कीमा अपडेटवर (हायबरनेटनेच रचना बदलावी असं) ठेवला असेल तर सगळ्यात वाईट, कारण ते स्वतःच नवीन सीक्वेन्स तयार करतं, एकपासून सुरू होणारा, आणि टेबलमध्ये एक नंबरचा ग्राहक तर केव्हापासून बसलेला असतो, मग प्रायमरी की डुप्लिकेट. जुन्या पद्धतीचीच नावं वापर असं सांगायचं सेटिंग आहे, पण ते आहे हे मायग्रेशन गाइड वाचलं तरच कळतं.

आतलं इंजिनही बदललं. ५ चा लॉग बघितला असेल तर प्रत्येक कॉलमला आयडी१_०_ असली विचित्र टोपणनावं दिसायची, कारण रिझल्टमधून व्हॅल्यू नावाने उचलली जायची. ६ मध्ये ती जागेनुसार उचलतात, पहिला कॉलम, दुसरा कॉलम, त्यामुळे टोपणनावं गेली आणि एसक्यूएल माणसाला वाचता येईल असं झालं. मला हा बदल मनापासून आवडला. पण जुनी हायबरनेटची स्वतःची क्रायटेरिया एपीआय (वर आलेली प्रमाणित ती वेगळी) पण त्याच ६.० मध्ये गेली, आणि ज्यांच्या कोडमध्ये तिच्या शेकडो क्वेरी होत्या त्यांना त्या बसून परत लिहाव्या लागल्या. हे शाकारणं नाही, हे घर पाडून नवीन बांधणं आहे, राहायची सोय दुसरीकडे करूनच सुरू करायचं.

मधला आकडा, मायनर, हा या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडतो. त्याला मेंटेनन्स समजू नका. ५.६ मध्ये जावासिस्टचा (हायबरनेट आतून बाइटकोड तयार करायला वापरू शकायचं त्या लायब्ररीचा) सपोर्ट काढून टाकला, हे कॉन्फिगरेशनमध्ये मुद्दाम जावासिस्ट लावलेल्यांना लगेच जाणवलं. मायनरला मायग्रेशन गाइड असतं, ते वाचायचं.

आणखी एक गोष्ट गोंधळात टाकते, ती म्हणजे तारीख. ५.६.१५ फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं, म्हणजे ६.० नंतर दहा महिन्यांहून जास्त काळाने. लोक तारीख बघून विचारतात की हे नवीन की ते नवीन. दोन रेषा समांतर चाललेल्या असतात, पुढची रेषा नवीन काम करते आणि मागची रेषा जे लोक अजून तिथे राहतात त्यांच्या दुरुस्त्या करते. ती मागची रेषा कायम चालत नाही, काही काळाने थांबते आणि मग तिसरा आकडा हलायचाच बंद होतो.

इथेच मला कळकळीने सांगायचंय ते येतं. आपल्याकडे बहुतेक टीम ५ वरून ६ वर जाताना पोळलेल्या आहेत आणि दुधाने तोंड पोळलं म्हणून आता ताकही फुंकून पितात. मग मायक्रो रिलीज पण सहा सहा महिने पडून राहतात, त्यात एखादी वर सांगितल्यासारखी भगदाडाची दुरुस्ती असते, तीही पडून राहते, आणि प्रत्येक वेळी कारण एकच, "हायबरनेटला हात लावला की मोडतं." अरे, तो ६.० होता, हा मायक्रो आहे. सब घोडे बारा टक्के करून चालत नाही. मायक्रो महिन्याच्या महिन्याला घ्या, छोटा फरक असताना काही मोडलं तर लगेच सापडतं. मेजरसाठी मात्र वेगळी ब्रँच, वेगळे दिवस आणि डेटाबेसची एक खरी कॉपी मागून घ्या, मॅनेजर कितीही म्हणाला की आकडाच तर बदलायचाय.

शेवटचं एक, हे माझ्यासोबत झालंय म्हणून सांगतो. एका जुन्या प्रोजेक्टमध्ये ती ५.४.२४ ची दुरुस्ती आणायची म्हणून मी पॉमच्या प्रॉपर्टीजमध्ये हायबरनेट व्हर्जन बदललं, बिल्ड हिरवं, टेस्ट हिरव्या, डिप्लॉय झालं, तिकीट बंद केलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कशासाठी तरी लॉग वाचत होतो तर सुरुवातीलाच ओळ दिसली, एचएचएच०००४१२, हायबरनेट ओआरएम कोअर व्हर्जन, आणि पुढे ५.४.२३.फायनल. तो प्रोजेक्ट स्प्रिंग बूटला (लायब्ररींची व्हर्जनं ठरवून देणाऱ्या जावा फ्रेमवर्कला) पॉमचा पेरेंट म्हणून घेत नव्हता, डिपेन्डन्सी मॅनेजमेंटमध्ये इम्पोर्ट करत होता, आणि इम्पोर्ट केलं की प्रॉपर्टी बदलून काही होत नाही, व्हर्जन त्या इम्पोर्टच्या वर स्वतः लिहून द्यावं लागतं. तीन आठवडे ते भोक उघडंच होतं आणि आम्ही सगळे ते बुजलं म्हणून बसलो होतो. तेव्हापासून मी तिकीट बंद करायच्या आधी सर्व्हर चढवतो, ती एचएचएच०००४१२ ची ओळ कॉपी करून तिकिटात चिकटवतो, आणि मगच बंद करतो.